सातव्या मजल्यावरचा घेवडा

गुंतवणूक कशी करावी, हे अख्ख्या साताऱ्यात फक्त मला कळतं! हे वाक्य मी गेल्या गुढीपाडव्याला ऑफिसात, चहा पिता पिता, अकरा माणसांसमोर म्हटलं होतं. ती अकराही माणसं अजून ठणठणीत आहेत आणि रोज भेटतात, हीच माझी खरी अडचण आहे.

माझं नाव कृष्णात. नोकरी साताऱ्यात, एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. मूळ गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. तिथे आमचा ऊस, आई आणि वडील. वडील म्हणजे नाथाजी, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबांच्या आयुष्यात एकच इच्छा राहिली होती. आमच्या बांधाला लागून ज्योतिबातात्यांची वीस गुंठ्यांची पट्टी आहे, ती घ्यायची! त्यासाठी आबा दहा वर्षं उसाच्या बिलातनं पैसे बाजूला टाकत होते. पट्टीचा सौदा ठरत आला आणि नेमका मी गावी गेलो.

"आबा, जमिनीत आता काही राहिलं नाही," मी म्हणालो. "ते पैसे मला द्या. साताऱ्यात असा व्यवहार करतो की तीन वर्षांत दुप्पट!"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कळतंय न्हवं त्यातलं?"

"आबा! मला नाही कळत तर कुणाला कळतं?"

"मग घे," म्हणाले आणि कपाट उघडलं. दहा वर्षांचे पैसे दोन शब्दांत! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण तुटलं. ते अजून लावलेलं नाही.

आता माझं तंत्र ऐका. फ्लॅट घ्यायचा तो इमारत उभी राहायच्या आधी! तेव्हाच तो स्वस्त मिळतो. इमारत उभी राहिली, लोकांना दिसायला लागली की भाव चढतो. त्यामुळे जे दिसतं ते घेणारे येडे, जे दिसत नाही ते घेणारे शहाणे. हे मी ऑफिसात फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं.

योजनेचं नाव होतं 'गगनवेध रेसिडेन्सी'. कोरेगाव रस्त्याला, शहराच्या बाहेर. विक्रीचं ऑफिस मात्र शहरात, आणि एसी इतका गार की संयोगितानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पदर डोक्यावरून घेऊन कानाभोवती गुंडाळला. मध्ये एका टेबलावर काचेखाली इमारतीचं छोटं मॉडेल होतं. छोटी झाडं, छोट्या गाड्या, छोटी माणसं! अंकिता नावाच्या तिथल्या मॅडमनी लाल उजेडाचा ठिपका वर वर नेला आणि एका गॅलरीवर थांबवला.

"सर, हा तुमचा. सातशे चार!"

मी गहिवरलो. संयोगिता वाकून बघत म्हणाली, "आपल्या गॅलरीत हा कोण उभा आहे?"

खरंच, गॅलरीत एक प्लास्टिकचा बोटभर माणूस उभा होता. निळा शर्ट, हात कमरेवर.

"ते डेकोरेशन आहे मॅडम."

"बरं. आणि ही इमारत कुठंय?"

"होणार आहे."

"परवानगी?"

"पुढच्या आठवड्यात."

"जमीन तरी तुमच्या मालकांचीच आहे ना?"

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. "संयोगिता, तुला ह्या व्यवहारातलं कळत नाही!" असं मी अंकिता मॅडमसमोर, हसत हसत म्हणालो आणि चेक फाडला. संयोगिता त्यावर एक अक्षर बोलली नाही. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

मेअखेरीला आबा एसटीनं साताऱ्यात आले. "काय घेतलंस ते दाव," म्हणाले. मी त्यांना मॉडेल दाखवायला घेऊन गेलो तर ऑफिसला साप्ताहिक सुट्टी! मग म्हटलं, निदान साइट तरी दाखवू. रिक्षानं गेलो. तिथे काय असणार? मोकळं रान. एका कोपऱ्यात वॉचमनसाठी उभारलेली पत्र्याची खोली, तीही रिकामी. इमारतीच्या चित्राचा भलामोठा फ्लेक्स वाऱ्यानं सुटून पालथा पडलेला.

आबा चप्पल काढून आत शिरले. त्यांनी खाली वाकून मूठभर माती उचलली, चोळली, वास घेतला. मग एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत पावलं टाकत चालत गेले, परत आले. घामाघूम झाले होते, पण चेहरा उजळलेला.

"कृष्णा, ह्ये पावणेदोन एकर हाय रं!"

"अं... हो. तेवढं असेल."

"वीस गुंठ्याच्या पैशात पावणेदोन एकर? सातारला? रस्त्याकडंला?"

इथेच! इथेच मी सांगायला हवं होतं की आबा, हे आपलं नाही, आपलं वर आहे. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "नाव काढलंस गड्या!"

आता तुम्हाला काय सांगू? दहावीला मला सत्तर टक्के पडले तेव्हा आबा म्हणाले होते, "बाकीचं तीस कुठं गेलं?" नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "टिकव." सत्तेचाळीस वर्षांत पाठीवर पहिली थाप, आणि ती मी परत करू? मी तोंड मिटलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सातबारा कवा निघतोय?" आबांनी विचारलं.

"निघेल, निघेल."

"असं रान पडीक ठिवू नये," आबा म्हणाले. मला वाटलं, सहज म्हणाले. त्यांना एसटीत बसवून मी घरी आलो आणि विषय विसरून गेलो.

ऑगस्ट उजाडला. फ्लॅट घेणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, 'गगनवेध परिवार'. त्यात एरवी सुप्रभात आणि फुलं यापलीकडे काही येत नसे. एके दिवशी वाईच्या अनंतरावांचा फोटो आला. अनंतराव हे निवृत्त मुख्याध्यापक, सहाशे चारचे मालक, म्हणजे माझ्या बरोब्बर खालचे. त्यांनी लिहिलं होतं, "कोरेगावहून परतताना साइटवर थांबलो. बांधकामाआधीच बाग तयार! हिरवळ पाहून मन प्रसन्न झाले. बिल्डर यशराज यांचे अभिनंदन!"

लगेच अंगठे, हार, टाळ्या! विट्याचे वीरधवल, ज्यांचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे आणि ज्यांनी आठशे चार फोनवरच घेतला होता, त्यांनी लिहिलं, "बागेचे वेगळे पैसे लागणार नाहीत ना?"

मलाही आनंद झाला. म्हटलं, बघा, भाव वाढणार! मी फोटो मोठा करून बघितला. हिरवळ काही मला लॉनसारखी दिसेना. सरळ सरळ सऱ्या दिसत होत्या. कोपऱ्यात एक म्हातारा खुरपं घेऊन बसला होता. डोक्याला लाल पटका. पटका ओळखीचा वाटला. त्याच्या शेजारी एक बाई पाठमोरी खुरपत होती. जांभळी साडी, हिरवा काठ. ही साडी कुठेतरी बघितलीय, कुठेतरी बघितलीय, असं करत मी मान वर केली. ती साडी समोर दोरीवर वाळत होती.

मी आधी गावी फोन लावला. "आई, आबा कुठायत?"

"आता गं बया! तुमच्याकडंच की! दर सोमवारी येत्यात, शनवारी परत. सून लय चांगलं जेवायला घालती म्हणत्यात. तुला दिसत न्हाईत व्हय?"

मी फोन ठेवला आणि संयोगितासमोर जाऊन उभा राहिलो. ती ज्वारी निवडत होती.

"आबा साइटवर काय करतायत?"

"घेवडा केलाय त्यांनी. जूनमध्ये ट्रॅक्टर लावून रान तयार केलं. त्या पत्र्याच्या खोलीत राहतात. मी डबा देते, दुपारी जरा खुरपू लागते."

"दोन महिने? आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुमचीच काहीतरी योजना असेल. तुम्हीच म्हणाला होता ना, ह्या व्यवहारातलं मला कळत नाही म्हणून?" तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "म्हणून विचारलं नाही."

त्या रात्री जेवण गेलं नाही. जेवणात घेवड्याचीच कोवळी शेंग होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना फोन वाजला. बिल्डर यशराज स्वतः! मी उठून उभा राहिलो. आता हा माणूस मला फाडून खाणार!

"कृष्णातराव, वडिलांनी तुमचा नंबर दिला. जरा समजवा हो त्यांना."

"चुकलं साहेब, माफ करा, त्यांना माहीत नव्हतं..."

"छे छे, माफी कसली? चूक आमची! आमच्याकडनंच राहिलं. पण असा एकदम नांगर घालायचा म्हणजे..."

चूक यांची? मी पुन्हा खाली बसलो.

"मी त्यांना म्हटलं, वाढवून देतो," यशराज पुढे म्हणाला. "तर म्हणतात, इकायचं न्हाई! दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा पाजला आणि तेच सांगितलं. तुम्ही तरी बघा ना काहीतरी. महिनाअखेर सगळं मिटवतो, शब्द देतो!"

"बघतो," मी म्हणालो. काय बघणार होतो ते मला माहीत नव्हतं. पैसे मी याला दिलेत, रान याचं, त्यात घुसले आमचे आबा, आणि हा माझ्या पाया पडतोय! मी कागदावर बाण काढून हिशेब लावायचा प्रयत्न केला. सगळे बाण फिरून माझ्याकडेच येत होते. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, "काय कृष्णातराव, नवीन गुंतवणूक का?" मी कागद गिळायचा तेवढा बाकी ठेवला.

आणि त्याच आठवड्यात ग्रुपवर निरोप आला. रविवारी सकाळी दहा वाजता भूमिपूजन! यशराजनं ठरवलं असावं की चार लोकांसमोर मशीन घातलं की म्हातारा गप्प बसेल. त्याला आबा माहीत नव्हते.

रविवारी पोचलो तेव्हा तीस-पस्तीस माणसं जमली होती. अनंतराव सोवळ्यात, हातात पूजेचं ताट. वीरधवलना कोइमतूरहून व्हिडिओवर घेतलं होतं आणि ते सारखे ओरडत होते, "मला माझा आठशे चार दाखवा!" कुणीतरी मोबाईल वर धरला.

"नुसतं आभाळ दिसतंय!"

"तोच! तोच!"

एका बाजूला झेंडूचा हार घातलेलं जेसीबी घरघरत होतं. आणि त्याच्यापुढे, गुडघाभर घेवड्यात, खुरपं हातात घेऊन आबा उभे होते; ह्या शनिवारी ते गावी गेलेच नव्हते. शेंगा नुकत्या भरायला लागल्या होत्या. शेजारी संयोगिता. जांभळी साडी!

"घाल रे मशीन!" यशराज ओरडला.

आबा हलले नाहीत. ते ड्रायव्हरकडे बघून एवढंच म्हणाले, "कुठलं रं तुमी?"

"आष्टंकडचा. बाळासो," मिशीवाला ड्रायव्हर म्हणाला.

"घरी रान हाय?"

"हाय की आवं. तीन एकर."

"मग बघ बाबा. शेंगंत दाना भरतोय."

बाळासोनं पिकाकडे बघितलं. मग हात लांब करून किल्ली फिरवली. घरघर बंद! "शेठ, काय बी म्हणा. उभ्या पिकात बकेट टाकायला आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. भाडं नको मला."

आणि गंमत बघा! जमलेली सगळी माणसं कुणाची? कुणी शिक्षक, कुणी फौजेतनं निवृत्त, कुणी बँकेतलं, पण प्रत्येकाचं गावी चार गुंठे तरी आहेच. सगळे एका सुरात म्हणाले, "बरोबर आहे! वीस दिवस थांबा की! काढणी होऊ दे!" अनंतरावांनी ताट खाली ठेवलं, दोन शेंगा तोडून दाणा दाताखाली धरून बघितला. "वाघ्या घेवडा का? अप्रतिम! आजोबा, आपण कितव्या मजल्याचे?"

"मजला?" आबा म्हणाले. "कसला मजला?"

संयोगितानं माझ्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाली, "सांगा आता."

मी पुढे झालो. तीस माणसांसमोर, वर बोट करून सांगितलं, "आबा, आपलं... तिथं आहे. सातव्या मजल्यावर."

आबांनी कपाळाला हात लावून वर बघितलं. "तितं?"

"हो."

"तितं काय हाय?"

"अजून काही नाही."

"आन ह्ये रान?"

"हे सगळ्यांचं मिळून... म्हणजे खरं तर यांचं." मी यशराजकडे बोट केलं.

आबा खूप वेळ वरच बघत राहिले. एक घार फिरत होती तिथे. "म्हंजी माझं वीस गुंठं तितं हाय," ते हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या क्षणी मला वाटलं, हे जेसीबी माझ्यावरून गेलं तरी चालेल.

पण तेवढ्यात यशराजच पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक! "थांबा, थांबा. म्हणजे तुम्ही जमिनीच्या मूळ मालकाची माणसं नाही?"

"आम्ही फ्लॅटवाले!" मी म्हणालो. "सातशे चार!"

"अरे देवा! मला वाटलं, माझे जमिनीचे हप्ते थकले म्हणून मालकानं ताबा घ्यायला माणूस बसवलाय! म्हणून तर मी चहा पीत बसलो दोनदा!"

मग मोबाईलमधून, कोइमतूरहून, वीरधवलांचा आवाज आला. "मूळ मालक? म्हणजे जमीन तुमची नाही?"

हाच प्रश्न संयोगितानं मार्चमध्ये विचारला होता. तिनं आता तो मला परत ऐकवला नाही. फक्त पदर खोचला आणि म्हणाली, "आबा, चला, उन्हातनं खोलीत बसू." पुढचा अर्धा तास तिथे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. मुख्याध्यापकांना इतके शब्द येत असतील असं वाटलं नव्हतं. यशराज गाडीत बसून पसार झाला, झेंडूचा हार जेसीबीलाच राहिला.

मूळ मालकाला निरोप गेला. भला माणूस निघाला. "पीक काढून घ्या आणि रान मोकळं करा," म्हणाला. सप्टेंबरात आबांनी घेवडा काढला. वाळवायला जागा हवी म्हणून तो पालथा पडलेला फ्लेक्स सुलटा करून अंथरला. 'गगनवेध'च्या चकचकीत चित्रावर घेवडा पसरला! सातव्या मजल्यावर चांगला थर बसला होता, मी बघून आलो.

"पहिलं पीक बांधकऱ्यांस्नी द्यावं लागतं," आबा म्हणाले.

"आबा, इथं कुठले बांधकरी?"

"का? खालचा मास्तर हाय, वरचा कोइमतूरवाला हाय. वरच्याचं पानी खाली येनार, खालच्याची कटकट वर येनार. बांधच की त्यो!" आणि खरोखर प्रत्येकाला अडीच अडीच किलो घरपोच! अनंतरावांनी ग्रुपवर लिहिलं, "या योजनेतून मिळालेला पहिला परतावा. चवीला उत्तम."

मग पैसे परत मागायला आबांनी विक्रीचं ऑफिस गाठलं. एसीत, मॉडेलशेजारी, घोंगडी पसरून बसले. संयोगिता डबा पोचवायची. भाकरी, ठेचा, कांदा! ठेच्याच्या वासानं नवीन गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. अंकिता मॅडम पहिले दोन दिवस "आजोबा, प्लीज" म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी बसून भाकरी खाल्ली आणि चौथ्या दिवशी यशराजचा खरा पत्ता दिला. बाकीचे फ्लॅटवालेही पाळीपाळीनं येऊन बसायला लागले. दिवाळीच्या आत सगळ्यांचे चेक आले आणि, नवल म्हणजे, ते वटले! निघताना आबांनी मॉडेलची काच उचलली, सातशे चारच्या गॅलरीतला निळा माणूस काढला आणि खिशात टाकला. "आमच्या रानात फुकट हुबा हुता," म्हणाले.

ज्योतिबातात्यांची पट्टी अजून विकली गेली नव्हती. खरेदीच्या दिवशी मी रजा काढून, नवा शर्ट घालून, आधार कार्ड घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेलो. वकिलानं विचारलं, "नाव कुणाचं लावायचं?" मी कार्ड पुढे सरकवलं. आबांनी ते हळूच मागे सरकवलं.

"सुनंचं लावा. संयोगिता कृष्णात."

"आबा, मी..."

"तू चांगला हायस रं," आबा म्हणाले. "पन तुझ्या हातात रान दिलं की ते वर जातंय."

संयोगितानं सही केली. मग वाकून आबांच्या पाया पडली आणि आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, चांगला मिनिटभर. ती रडली. मीही थोडा रडलो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. निळा माणूस हल्ली आमच्या टीव्हीशेजारी उभा असतो. हात कमरेवर ठेवून माझ्याकडेच बघत असतो.

त्या दिवशी गावाहून निघताना आबांनी उरलेल्या घेवड्याचं पोतं काढलं. "ऑफिसातल्या लोकांस्नी दे," म्हणाले. अकरा माणसं, अकरा पिशव्या! मी वाकलो, त्यांनी पोतं माझ्या पाठीवर चढवलं. आणि मग, शपथेवर सांगतो, आबांनी थाप मारली! सत्तेचाळीस वर्षांतली दुसरी!

"आबा..." मी वळून म्हणालो.

"हलू नगंस," आबा म्हणाले. "पोतं नीट बसलंय का बघतोय."